क्रिप्टोकरन्सी चालते कशी आणि जपायची कशी: नवख्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नातेवाईक, शेजारी, ऑफिसातली मंडळी गेली काही वर्षं मला क्रिप्टोबद्दल विचारत आली आहेत. वाईट याचं वाटतं की बहुतेकांचा फोन पैसे अडकल्यावर येतो. तेव्हा हातात करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. म्हणून जे आधी विचारायला हवं होतं, ते इथे सविस्तर लिहून ठेवतो. क्रिप्टो घ्या किंवा घेऊ नका, यातलं काहीही मी सांगणार नाही. घेतलीच, तर ती तुमच्या ताब्यात कशी राहील एवढंच सांगायचं आहे.

क्रिप्टोकरन्सी म्हणजे नेमकं काय?

सातबारा आठवा. जमीन कोणाची हे जमिनीवर लिहिलेलं नसतं, दप्तरात लिहिलेलं असतं. जमीन विकली की फेरफार होतो, जुनं नाव कमी होतं आणि नवं चढतं. बिटकॉइन ही पहिली क्रिप्टोकरन्सी, आणि तीही अशीच एक नोंद आहे: अमक्या पत्त्यावर इतके बिटकॉइन. हातात धरता येईल असं नाणं कुठेच नाही, आहे ती फक्त नोंदवही.

फरक दप्तराचा आहे. जमिनीचं दप्तर तलाठ्याकडे असतं, बचत खात्याचं बँकेकडे. बिटकॉइनच्या वहीची पूर्ण प्रत मात्र जगभरातल्या हजारो संगणकांवर एकाच वेळी असते. एखाद्याने आपल्या प्रतीत खाडाखोड केली, तर ती बाकीच्यांच्या प्रतींशी जुळत नाही आणि ते ती सरळ नाकारतात. वहीचं प्रत्येक पान म्हणजे एक ब्लॉक. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा एक गणिती ठसा उमटवलेला असतो. जुन्या पानावरचं एक अक्षर बदललं तरी पुढच्या सगळ्या पानांचे ठसे बिघडतात. या साखळीलाच ब्लॉकचेन म्हणतात.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने बिटकॉइनची कल्पना मांडणारा ९ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी वहीचं पहिलं पान लिहिलं गेलं. हे नाव धारण करणारी व्यक्ती कोण, हे आजही खात्रीने सिद्ध झालेलं नाही.

तलाठीच नाही, तर नोंद करतं कोण?

बिटकॉइनमध्ये हे काम मायनर, म्हणजे त्यासाठी खास यंत्रं चालवणारे लोक, करतात. साधारण दर दहा मिनिटांनी नवं पान जोडलं जातं. ते जोडण्याचा मान मिळवायला मायनरच्या यंत्रांना एक संख्या शोधावी लागते. तिला युक्ती नसते, एकामागून एक संख्या लावून बघत बसायचं. ज्याला ती आधी सापडते, तो पान जोडतो आणि त्याला नवे बिटकॉइन मिळतात. हे बक्षीस सुरुवातीला ५० होतं. ते साधारण चार वर्षांनी निम्मं होतं आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५ आहे. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर कधीच जाणार नाहीत. त्यातले १ कोटी ९० लाखांहून अधिक बाहेर आलेले आहेत.

यात वीज फार लागते आणि हा आक्षेप खरा आहे. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या ब्लॉकचेनने सप्टेंबर २०२२ मध्ये ही पद्धत सोडली. तिथे आता पान जोडणाऱ्याला ३२ इथर (इथेरियमचं नाणं) अनामत ठेवावे लागतात. लबाडी केली तर ती कापली जाते.

अख्खा बिटकॉइन घ्यावा लागतो का?

नाही. एका बिटकॉइनचे १० कोटी भाग होतात, त्यातल्या एका भागाला सातोशी म्हणतात. शंभर-दोनशे रुपयांचाही घेता येतो.

मी घेतलेले बिटकॉइन माझ्या फोनमध्ये असतात ना?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

फोनमध्ये बिटकॉइन नसतात. ते वहीत असतात. तुमच्या वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टो सांभाळायच्या अ‍ॅपमध्ये, असते ती फक्त किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठी गुप्त संख्या. त्या किल्लीने सही केल्याशिवाय तुमच्या पत्त्यावरची नोंद कोणीही दुसरीकडे वळवू शकत नाही. आणि ती किल्ली ज्याच्याकडे आहे, तो कोणालाही न विचारता वळवू शकतो. वही नाव, गाव, आधार काही बघत नाही. सही जुळली की झालं.

भाजीवाल्याच्या गाडीवर क्यूआर कोड टांगलेला असतो. तो कोणीही बघावा, त्यावर पैसे पाठवावेत. पण यूपीआयचा पिन तो कोणाला सांगत नाही. क्रिप्टोत पत्ता म्हणजे तो क्यूआर कोड आणि खासगी किल्ली म्हणजे पिन. किल्लीवरून पत्ता काढता येतो, पत्त्यावरून किल्ली काढता येत नाही. एक मोठा फरक मात्र ध्यानात ठेवा. यूपीआयचा पिन विसरलात तर बँक नवा करून देते. इथे बँक नाही, मॅनेजर नाही, अर्ज करायला खिडकी नाही. किल्ली हरवली की वहीत तुमची नोंद दिसत राहते, पण तिला हात लावता येत नाही. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या एका माणसाची हार्ड डिस्क २०१३ मध्ये चुकून कचऱ्यात गेली. तिच्यात हजारो बिटकॉइनची किल्ली होती. ते बिटकॉइन वहीत जसेच्या तसे आहेत.

वॉलेट सुरू करताना बारा शब्द दाखवतात, ते काय असतात?

ती किल्लीच असते, माणसाला लिहिता यावी अशा रूपात. २०४८ सोप्या इंग्रजी शब्दांची एक ठरलेली यादी आहे. वॉलेट त्यातले १२ किंवा २४ शब्द यदृच्छेने निवडतं आणि त्यांवरून तुमच्या सगळ्या किल्ल्या तयार होतात. फोन फुटला, चोरीला गेला, तरी नव्या फोनवर हे शब्द त्याच क्रमाने घातले की सगळं परत येतं. यालाच सीड फ्रेज म्हणतात. म्हणजे फोन जपण्यापेक्षा हे शब्द जपणं महत्त्वाचं. आणि हे शब्द दुसऱ्याच्या नजरेला पडले, तर फोन तुमच्या खिशात असूनही पैसे त्याचे झाले.

हे शब्द लिहून कसे ठेवायचे? फोटो काढला तर चालेल?

फोटो नको. स्क्रीनशॉट नको. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेला मेसेज नको, ईमेलचा ड्राफ्ट नको. फोटो आपोआप क्लाउडवर चढतो आणि तुमचं ईमेल खातं ज्याच्या हाती लागेल, त्याच्या हाती तोही लागतो. शब्द कागदावर, शाईने, स्वतःच्या हाताने लिहा.

आणि इंग्रजी लिपीतच लिहा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण साताऱ्याच्या माझ्या मावसभावाने बाराही शब्द देवनागरीत लिहून ठेवले होते. त्याला ते सवयीचं. फोन विहिरीत पडला, नवा घेतला आणि कागद घेऊन तो माझ्याकडे आला. चौथा शब्द होता ‘वेट’. वाट बघणे या अर्थाचा की ओला या अर्थाचा? दोन्ही त्या यादीत आहेत. नववा होता ‘टेस्ट’. चव की चाचणी? दोन्ही यादीत आहेत. लिहिण्याचा ‘राइट’ आणि बरोबरचा ‘राइट’, हेही दोन्ही आहेत; ते त्याच्या कागदावर नव्हते हे नशीब. जोड्या चार होत होत्या, त्या आम्ही एकेक करून घालायला लागलो. शेवटच्या शब्दात पडताळणीचा एक भाग दडलेला असतो, त्यामुळे चुकीची जुळणी वॉलेट बहुतेक वेळा नाकारतं. तिसऱ्या जोडीला त्याचे पैसे दिसले. तेवढ्या वेळात त्याने चहाला हातसुद्धा लावला नव्हता.

शब्दांना क्रमांक द्या. अक्षर सुटं आणि ठळक काढा. निदान पहिली चार अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत. यादी अशी बनवली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो. लिहून झाल्यावर पैसे टाकायच्या आधी एकदा वॉलेट काढून टाका आणि कागदावरून परत उघडून बघा. हे पाऊल जवळजवळ कोणी पाळत नाही. तुम्ही पाळा.

कागद किती टिकेल? आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींनाही बुरशी येते.

कोकणातून हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. ओल, वाळवी आणि पसरणारी शाई हे तिघेही कागदाचे वैरी. लॅमिनेशन करून घ्यावंसं वाटतं, पण त्यासाठी कागद दुकानदाराच्या हातात जातो. झेरॉक्सचंही तेच. त्यापेक्षा स्टीलची पट्टी बरी. बाजारात यासाठी तयार पट्ट्या मिळतात, किंवा हार्डवेअरच्या दुकानातून अक्षरांचे पंच आणून घरीच हातोडीने ठोकता येतात. भांड्यांच्या दुकानात नाव कोरून देतात तसं मात्र करून घेऊ नका. कोरणाऱ्याला शब्द वाचावेच लागतात.

दोन प्रती ठेवा, दोन वेगळ्या जागी: एक राहत्या घरी, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये किंवा गावच्या घरात कुलूपबंद. सहा शब्द इथे आणि सहा तिथे, असं काही जण करतात. ते टाळा. एक अर्धा भाग गेला की दोन्ही गेले.

पैसे एक्सचेंजवरच ठेवले तर काय बिघडतं?

एक्सचेंज म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणारी कंपनी. तिथे किल्ली तुमच्याकडे नसते, त्यांच्याकडे असते. अ‍ॅपमध्ये दिसतो तो आकडा म्हणजे ‘आम्ही तुमचं इतकं देणं लागतो’ अशी त्यांची कबुली. त्यांच्याकडे चोरी झाली, त्यांनी गैरवापर केला किंवा पैसे काढणं थांबवलं, तर तुम्ही रांगेतले एक येणेकरी. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. इथे तसं काहीच नाही.

टोकियोचं माउंट गॉक्स एक्सचेंज फेब्रुवारी २०१४ मध्ये कोसळलं तेव्हा साधारण साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचं सांगण्यात आलं. त्यातले दोनेक लाख पुढे सापडले. ग्राहकांना त्यातून परतफेड सुरू व्हायला जुलै २०२४ उजाडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे दुसरं मोठं एक्सचेंज बुडालं. आपल्याकडे १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या एक्सचेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. त्या वॉलेटला एकापेक्षा जास्त सह्या लागत होत्या, तरीही गेली. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेलं आणि ग्राहकांची क्रिप्टो वर्षाहून जास्त काळ अडकली. त्यात नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झालेली पोरंही होती, महिन्याचे हजार-दोन हजार बाजूला टाकणारी.

माझं मत सांगतो. खरेदी-विक्रीसाठी एक्सचेंज वापरा, त्याला पर्याय नाही. पण रक्कम इतकी झाली की ती गेल्यावर झोप उडेल, तेव्हा ती स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवा. त्याआधी वरचं शब्दांचं प्रकरण पक्कं करा. कारण किल्ली हाती आल्यावर दोष द्यायला दुसरं कोणी उरत नाही. ज्याला घराची किल्लीही दर महिन्याला शोधावी लागते, त्याने हा भार उचलण्याआधी प्रामाणिक विचार करावा. अशा माणसासाठी एक्सचेंज कमी धोक्याचं ठरू शकतं, हेही मी मोकळेपणाने मान्य करतो.

हार्डवेअर वॉलेट घ्यावं का?

मोठी रक्कम असेल तर हो. पेनड्राइव्हएवढं यंत्र असतं. ते किल्ली आत ठेवतं आणि सही आतच करतं. फोनला किंवा लॅपटॉपला व्हायरस असला तरी किल्ली बाहेर पडत नाही. ट्रेझर आणि लेजर ही नावं जुनी आहेत. घेताना बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा त्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. सेकंडहँड कधीच नको. खोक्यात आधीच छापलेले शब्द निघाले, तर ते यंत्र वापरू नका: ते शब्द ज्याने छापले त्याच्याकडेही आहेत.

२०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची नावं आणि पत्ते फुटले. किल्ल्या फुटल्या नाहीत, पण नंतर त्या पत्त्यांवर खोटी पत्रं आणि बनावट यंत्रंसुद्धा आली.

पहिल्यांदा पाठवताना काय सांभाळायचं?

पत्ता हाताने टाइप करू नका. क्यूआर स्कॅन करा किंवा कॉपी-पेस्ट करा आणि पेस्ट केल्यावर पुन्हा ताडून बघा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस आहेत. जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलू नका. चोर तुमच्या ओळखीच्या पत्त्यासारखीच पहिली आणि शेवटची अक्षरं असलेला पत्ता बनवतात आणि त्यावरून नगण्य रक्कम पाठवून यादीत घुसतात. म्हणून मधली अक्षरंही बघा.

नेटवर्क, म्हणजे कुठल्या वहीवरून पाठवता ते, जुळतं का तेही पाहा. युएसडीटी, म्हणजे डॉलरशी भाव बांधलेली क्रिप्टो, ट्रॉन या नेटवर्कवरही चालते, इथेरियमवरही. घेणाऱ्याने एक सांगितलं आणि तुम्ही दुसऱ्यावरून पाठवलं, तर पैसे अडकू शकतात. आधी अगदी छोटी रक्कम पाठवा, पोहोचली की बाकीची. दोनदा शुल्क पडेल, पडू द्या. गेलेला व्यवहार परत फिरवता येत नाही. बिटकॉइनमध्ये मोठ्या रकमेला सहा पानं चढेपर्यंत, म्हणजे तासभर, थांबण्याचा रिवाज आहे.

भारतात हे कायदेशीर आहे का? कर किती?

बंदी नाही, पण चलन म्हणून मान्यताही नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. मार्च २०२३ पासून एक्सचेंज मनी लाँडरिंग कायद्याखाली आले आणि त्यांना एफआययूकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तचर विभागाकडे, नोंदणी बंधनकारक झाली. नोंदणी नसलेल्या एक्सचेंजच्या वाटेला जाऊ नका.

१ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर. विक्रीवर ठरावीक मर्यादेपलीकडे १ टक्का टीडीएस कापला जातो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. टोचणारी गोष्ट तोट्याची आहे. समजा एक नाणं ५०,००० ला घेऊन ८०,००० ला विकलं, नफा ३०,०००. दुसऱ्यात २०,००० बुडाले. तुमच्या खिशात १०,००० च आले, पण कर पूर्ण ३०,००० वर, म्हणजे ९,३६० रुपये. तोटा नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. एक क्रिप्टो देऊन दुसरी घेतली तरी ती विक्रीच धरली जाते. प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवा आणि विवरणपत्र भरण्याआधी सीएला दाखवा.

आणि ई-रुपया? तोही क्रिप्टोच ना?

नाही. तो रिझर्व्ह बँकेचा स्वतःचा डिजिटल रुपया आहे. सर्वसामान्यांसाठी त्याची चाचणी १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाली. तो रुपयाच आहे, त्याचा भाव वरखाली होत नाही.

टेलिग्रामवर एक जण युएसडीटी चढ्या भावाने घ्यायला तयार आहे. विकू का?

नको. तुमच्या खात्यात जे पैसे येतील, ते दुसऱ्या कुणाची फसवणूक करून काढलेले असू शकतात. तो माणूस तक्रार करतो, पोलीस पैशाचा माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि खातं गोठतं. पगार त्यातच, घराचा हप्ता त्यातच. मग दुसऱ्या राज्यातल्या सायबर ठाण्याशी महिनोन्महिने पत्रव्यवहार चालतो. तुम्ही निर्दोष असलात तरी ते सिद्ध करण्याचा ताप तुम्हालाच.

महिना दहा टक्के देणारी क्रिप्टो योजना खरी असू शकते का?

नाही. याचा सगळ्यात मोठा धडा आपल्या पुण्याशी जोडलेला आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत लोकांकडून बिटकॉइन घेतले आणि १८ महिने दरमहा १० टक्के परत देऊ असं सांगितलं. पुढे बिटकॉइनऐवजी स्वतःच काढलेलं एक टोकन, म्हणजे घरचंच क्रिप्टो नाणं, लोकांच्या गळ्यात मारलं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली, नंतर तपास सीबीआयकडे गेला. यातली एक गोष्ट मला फार लागली. पोलिसांनी तपासात मदतीला घेतलेल्या दोघा सायबर तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. जप्त वॉलेटमधली क्रिप्टो त्यांनी वळवल्याचा आरोप होता. किल्ली ज्याच्या हाती जाते त्याच्यापुढे काय मोह उभा राहतो, ते यावरून समजावं.

पैसे गेलेच, तर लगेच काय करू?

१९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्यात व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचा पत्ता आणि चॅटचे स्क्रीनशॉट द्या. पैसे एखाद्या एक्सचेंजपर्यंत पोहोचले असतील तर त्यांनाही त्याच तासात कळवा, तिथे ते गोठवता येऊ शकतात. शब्द फुटल्याचा संशय असेल तर नवं वॉलेट बनवून उरलेलं आधी तिकडे हलवा. यानंतर ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारे संपर्क करतील. आगाऊ शुल्क मागतील किंवा बारा शब्द मागतील. एक रुपयाही देऊ नका, एक शब्दही देऊ नका.

माझं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना हे कसं मिळणार?

स्वतःच्या वॉलेटला नॉमिनी नसतो. वारसा दाखला कितीही पक्का असला, तरी वही किल्लीच ओळखते. कॅनडातल्या क्वाड्रिगा एक्सचेंजचा प्रमुख डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला वारला, तेव्हा किल्ल्या फक्त त्यालाच ठाऊक होत्या असं सांगण्यात आलं. चौकशीत पुढे उघड झालं की ग्राहकांचे बरेचसे पैसे त्याने आधीच उडवले होते. पण ‘किल्ल्या त्याच्याबरोबर गेल्या’ हे कारण लोकांना लगेच पटलं, कारण ते सहज घडू शकतं.

म्हणून एक पत्र लिहून ठेवा, साध्या मराठीत: कुठलं वॉलेट आहे, यंत्र कुठे आहे, त्याचा पिन कुठे मिळेल, शब्दांची प्रत कोणत्या जागी आहे, मदत कोणाची घ्यायची आणि कोणाची नाही. शब्द त्या पत्रात लिहू नका, फक्त जागा सांगा. मृत्युपत्र करत असाल तर त्यातही या मालमत्तेचा उल्लेख असू द्या.

आणि मग घरच्यांकडून एकदा करवून घ्या. मी घरातला जुना फोन बायकोच्या हातात दिला, दोनशे रुपयांचं एक सरावाचं वॉलेट आधीच करून ठेवलं होतं, आणि पत्र देऊन गॅलरीत जाऊन बसलो. सातव्या शब्दावर ती अडली, कारण माझा ‘एन’ तिला ‘यू’ वाटला. तिने तो स्वतःच बदलून पाहिला आणि वॉलेट उघडलं. त्या रात्री मी कागदावरचे बाराही शब्द पुन्हा लिहिले, या वेळी मोठ्या छापील अक्षरांत.